गेस्टच्या खिशात व्हेपचा सुटा सेल पेटला - होमस्टेवाले, होडीवाले, आईबाप सगळ्यांनी वाचा

देवबागकाठ | मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. तारकर्ली-देवबाग पट्ट्यात आमचा छोटा होमस्टे आहे, इथले बरेच जण ओळखतात. परवा आमच्याकडे जे झालं ते लिहितोय, कारण अजून डोक्यातून जात नाहीये आणि दुसऱ्या कुणाच्या घरात असं होऊ नये.

चार पोरं आलेली, विशी-बाविशीची, वागायला एकदम चांगली. दुपारी स्नॉर्केलिंग करून आली, आंघोळी झाल्या, जेवणाची वाट बघत पडवीत बसलेली. एकाकडे तो मोठा व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, होता ज्यातला सेल काढून बदलता येतो, आणि जास्तीचा एक सेल बर्मुडाच्या खिशात सुटाच टाकलेला. त्याच खिशात भाड्याच्या स्कूटरची चावी आणि थोडी चिल्लर. व्हेप खोलीत होता, बंद होता, कोणी ओढत नव्हतं हे मुद्दाम सांगतो. मी पानं वाढत होतो तेवढ्यात कुकरची शिटी अडकली की येतो तसा फुस्स आवाज आला, पोरगा किंचाळत उभा राहिला आणि मांडीपाशी जाळ. साधा जाळ नाही, जोरात बाहेर फेकल्यासारखा. बर्मुडा सिंथेटिक, वितळून कातडीला चिकटला. त्याने कसाबसा खिसा फाडला, सेल खाली पडला तो फरशीवरून सरपटत जाऊन भिंतीवर आपटला, चिऱ्यावर काळा डाग पडलाय आणि एक लादी तडकलीये. पांढरा दाट धूर, थिनरसारखा गोडूस उग्र वास, सगळ्यांचे घसे धरले. मी विहिरीजवळच्या पिंपातलं पाणी आणून ओतत राहिलो, त्याच्यावर पण आणि त्या सेलवर पण.

गाडीत घालून दवाखान्यात नेला. मांडीवर तळहाताएवढं खोल भाजलंय, उजव्या हाताची बोटं पण. आणि तिथं पोचल्यावर बाकीची पोरं मला बाजूला घेऊन म्हणतात, काका, फटाका फुटला असं सांगा, व्हेपवर बंदी आहे, घरी कळलं तर मेलो. मी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. पण मी गाडी लावून येईपर्यंत पोराने केसपेपरवर फटाका लिहून घेतलं होतं आणि ड्रेसिंग पण सुरू झालं होतं.

मला तीन-चार गोष्टी विचारायच्यात. बंद व्हेप, सुटा सेल, चार्जिंगला पण नाही, तरी पेटतो कसा? अशा आगीवर पाणी टाकलं ते बरोबर का चूक? तो जळलेला सेल मी माडाखाली वाळूत टाकलाय, त्याचं आता करू काय? आणि पुढच्या गेस्टना काय सांगायचं? माझ्या वरच्या दोन खोल्यांना लाकडी माळा आहे, रात्री तिथं असं झालं असतं तर काय झालं असतं हा विचार करूनच पोटात गोळा येतो.

वायरमन_कुडाळ | मंगळवार, रात्री ११:०५

पोराला लवकर बरं वाटो. पाणी टाकलंत ते अगदी बरोबर केलंत. आधी पेटला कसा ते सांगतो, माझं रोजचं काम ह्याच सेलशी आहे.

तो सेल म्हणजे बहुतेक १८६५०. १८ मिलीमीटर जाडी, ६५ मिलीमीटर लांबी, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. घड्याळाच्या, रिमोटच्या सेलला आपण हात लावतो तसाच हा दिसतो पण तसा नाही. रिमोटचा सेल दीड व्होल्टचा आणि तो शॉर्ट झाला तर गरम होतो, बास. हा लिथियम आयनचा सेल, फुल चार्ज झाला की ४.२ व्होल्ट, आणि शॉर्ट झाला तर क्षणात शेकडो वॅट ओततो.

आता नीट बघा, कुणाकडे असला तर हातात घेऊन बघा. वरची चपटी टोपी प्लस. बाकी सगळं पत्र्याचं अंग, बाजू पण आणि बूड पण, मायनस. प्लसच्या टोपीच्या कडेलाच मायनसची कड दुमडलेली असते, मधे एक पातळ रिंग आणि वरून प्लास्टिकचं रंगीत आवरण, बास, एवढ्यावर सगळं थांबलेलं आहे. खिशात चावी त्या टोकाला आडवी टेकली, आवरण जरासं खरवडलेलं असलं, की झाला शॉर्ट. व्हेप चालू असण्याची गरजच नाही. चावी तापते, सेल आतून तापतो. आत प्लस आणि मायनसच्या पट्ट्यांच्या मधे प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, तो साधारण १३० डिग्रीच्या आसपास वितळतो. पडदा गेला की आतल्या आत शॉर्ट, त्याने अजून उष्णता, त्याने अजून बिघाड, मग बाहेरून चावी काढली तरी थांबत नाही. इंजिनियर लोक ह्याला थर्मल रनअवे म्हणतात. आतलं द्रव पेट्रोलसारखं जळणारं असतं, तुम्हाला आलेला तो गोडूस वास त्याचाच.

मोबाईलची किंवा पॉवरबँकची बॅटरी असते तिला एक छोटी सर्किटची पट्टी लावलेली असते, शॉर्ट झाला की ती तोडते. सुट्या सेलना बऱ्याचदा ती पट्टी नसते. हे सेल कंपन्या बनवतात ते लॅपटॉपच्या, ड्रिलमशीनच्या पॅकमधे सर्किट लावून बसवायला, माणसाने सुटे खिशात घेऊन फिरायला नाही. जानेवारी २०२१ मधे अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने हेच जाहीर सांगितलं होतं, सुटे १८६५० विकत घेऊ नका, वापरू नका म्हणून.

जळलेला सेल अजून वाळूत राहू दे. घरात आणू नका, त्याच्यावर काही ठेवू नका, पोरांना आणि कुत्र्याला तिकडे जाऊ देऊ नका. कधीकधी असा सेल तासाभराने परत पेटतो म्हणून पहिला दिवस लांब ठेवायचा, एवढे दिवस झालेत म्हणजे बहुतेक शांत झाला असेल, पण हातात घेताना ग्लोव्हज घाला.

कणकवली_नाईट_रायडर | मंगळवार, रात्री ११:४८

देवबागकाठ काका वाईट वाटलं वाचून. पण एक बाजू मांडतो, रागावू नका. मी पॉड, म्हणजे छोटा व्हेप, वापरतो, माझ्या ग्रुपमधे पण वापरतात, आजवर काही झालं नाही. मोबाईल पण फुटतात की, २०१६ मधे तर एका मोठ्या कंपनीने अख्खं मॉडेल परत मागवलं, विमानात न्यायला बंदी आली होती. मग व्हेपलाच का धरायचं? सेल खिशात चावीबरोबर ठेवणं ही त्याची चूक झाली, व्हेपची नाही. धागा वाचून लोक उगाच घाबरतील असं वाटलं.

वायरमन_कुडाळ | बुधवार, सकाळी ७:२०

रायडर भाऊ, रागवायचं काय त्यात. मोबाईल पण पेटतात हे खरंच आहे. फरक आकाराचा आहे. मोबाईलची बॅटरी चपटी, फुगते, फाटते, बाजूने जळते. व्हेपमधला सेल गोल पत्र्याच्या नळीत आणि ती नळी परत दुसऱ्या धातूच्या नळीत. आत दाब वाढला की नळीची बाजू फाटत नाही, टोक उडतं. मग एक टोक एकीकडे आणि बाकीचं दुसरीकडे. देवबागकाठनी लिहिलंय ना की सेल फरशीवरून सरपटत गेला, ते ह्याच्यामुळे. आणि ओढताना झालं तर ते टोक तोंडाच्या समोर असतं. २०१८ ला फ्लोरिडात आणि २०१९ ला टेक्सासमधे एकेक माणूस असाच गेला, टेक्सासवाल्याची तर मानेची रक्तवाहिनी तुकड्याने कापली गेली.

आकडे पाहिजेत तर अमेरिकेच्या अग्निशमन खात्याचा जुलै २०१७ चा रिपोर्ट आहे. २००९ ते २०१६ मधल्या १९५ घटना त्यांनी गोळा केल्या. त्यातल्या ६१ खिशात असताना, ६० वापरात असताना, ४८ चार्जिंगला लावलेल्या असताना, १८ नुसत्या ठेवलेल्या असताना. १३३ जण जखमी, त्यातले ३८ गंभीर. म्हणजे खिशातल्या घटना वापरातल्यांएवढ्याच आहेत बघा. त्या पोराची चूक म्हणून सोडून देता येत नाही, कारण विकणाऱ्याने त्याला सेल सुटा दिला, दोन रुपयांची प्लास्टिकची डबी दिली नाही आणि सांगितलं पण नाही.

तुझ्या पॉडमधे बॅटरी आत बसवलेली, छोटी, आणि बऱ्यापैकी मालात सर्किट असतं. त्यात धोका कमी हे मान्य. तरी चार्जिंगला लावून गादीवर, उशीखाली ठेवून झोपू नको. सोबत आलेली केबलच वापर.

धोका खरा कुणाला तर मेकॅनिकल मॉडवाल्यांना. त्यात सर्किटच नसतं, सेल आणि कॉइल, म्हणजे तापून धूर करणारी वायर, आणि मधे बटण. हिशोब साधा आहे, ४.२ भागिले कॉइलचे ओहम (वायरचा रोध), उत्तर येतं ते अँपिअर, म्हणजे सेलमधून ओढला जाणारा करंट. ०.५ ओहमची कॉइल लावली तर ८ अँपिअरच्या वर, चालून जातं. ०.२ ची लावली तर २१. ०.१ ची लावली तर ४२ अँपिअर. चांगल्यातला चांगला १८६५० सतत २०, २५, फार तर ३० अँपिअर देऊ शकतो, त्याच्या वर ओढला की तो आतून शिजतो. जास्त धूर यावा म्हणून पोरं कॉइलचे ओहम कमी कमी करत जातात, व्हिडिओ बघून स्वतः वायर गुंडाळतात आणि मीटरने मोजत पण नाहीत.

कणकवली_नाईट_रायडर | बुधवार, सकाळी ९:०२

ओके दादा, हे अँपिअरचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्यातल्या एकाकडे मॉड आहे आणि तो सेल ऑनलाइन मागवतो, त्यावर ९९०० एमएएच लिहिलंय. चांगला असेल ना मग? ओरिजिनल कसा ओळखायचा?

वायरमन_कुडाळ | बुधवार, सकाळी ९:३०

९९०० लिहिलेला सेल आत्ताच्या आत्ता बाहेर काढायला सांग त्याला. १८६५० मधे नावाजलेल्या कंपन्यांचे सेल साधारण ३६०० एमएएचच्या आसपासच थांबतात, ९९०० एवढी जागाच नाही त्या नळीत. ९९०० लिहिणारा माणूस खोटं बोलतोय, आणि जो कपॅसिटीचं खोटं बोलतो तो अँपिअरचं खरं सांगेल का. हे बऱ्याचदा जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले मेलेले सेल असतात, नवीन रंगीत आवरण चढवलेले. वजन करून बघ सोनाराच्या काट्यावर, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, त्याहून बराच हलका लागला तर नकोच. पण वजन बरोबर आलं म्हणून चांगला असं पण नाही, जुना सेल पण तेवढाच भरतो.

रापणकार_बाबी | बुधवार, दुपारी १:१५

ह्या वाचून माका आमच्या हेडटॉर्चची आठवण झाली. आमी राती होडयेत कपाळार टॉर्च लावतंव, कुर्ल्यांक जातंव तेवा पण. मी आज ती उघडून बघितलंय, तेच्यात ह्योच लांबडो सेल आसा आणि वर १८६५० लिवलेला आसा. एका सेलाचा वरचा निळा प्लास्टिक फाटलेला, तेका मी इन्सुलेशन टेप मारून वापरतंय. आणि टॉर्च खाऱ्या पाण्यात पडली तर सेल काडून उनात सुकवतंव आणि परत घालतंव. ह्या सगळा चुकीचा काय? होडयेत डिझेल आसता, नायलॉनची जाळी आसतत, किनारो लांब. थय पेटला तर काय करूचा ता नीट सांगा, व्हेप-बिप आमका म्हायत नाय.

वायरमन_कुडाळ | बुधवार, दुपारी २:४०

बाबीदादा, बरं झालं तुम्ही विचारलंत, हा प्रश्न ह्या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. व्हेप ओढणारे आपल्याकडे किती असतील ते असोत, पण हा सेल टॉर्चमधे, सोलर कंदिलात, डास मारायच्या बॅटमधे, स्पीकरमधे घराघरात आहे.

टेप मारलेला सेल काढून टाका. खाऱ्या हवेत टेपचा गोंद सुटतो, टेप सरकते, आणि प्लसकडची ती रिंग आतून गंजलेली किंवा दबलेली असली तर टेपने ती भरून येत नाही. सेल खाऱ्या पाण्यात पडला तर पण काढूनच टाकायचा. उन्हात पाणी सुकतं, मीठ राहतं. त्या मिठाने टोपीच्या कडेला गंज चढतो, ओल आली की त्यातून करंट वाहायला लागतो, आणि आत पाणी गेलं असेल तर ते बाहेरून दिसत पण नाही. किनाऱ्यावर ठीक दिसलेला सेल दोन दिवसांनी चार्जिंगला लावल्यावर दगा देतो. आणि उन्हात ठेवणं हाच एक वेगळा त्रास, हे सेल ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायचे नसतात, होडीच्या फळीवर एप्रिल-मेच्या उन्हात किती तापतं ते तुम्हाला मी काय सांगणार. बीचवर काचा लावून उभी केलेली गाडी पण तशीच, डॅशबोर्डवर व्हेप, पॉवरबँक, टॉर्च काहीच ठेवू नका.

टॉर्चमधे दोन सेल असले तर एक जुना एक नवा असं करू नका. जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्याला उलटा ढकलत राहतो. जोडीने घ्यायचे, जोडीने बदलायचे.

होडीत पेटला तर हातात घ्यायचा नाही. कपाळावरची टॉर्च गरम लागायला लागली, फुस्स झालं, वास आला, की आधी पट्ट्यासकट ओढून लांब टाकायची, बंद करत बसायचं नाही. फळीवर पेटला तर वल्ह्याने ढकलून पाण्यात. जाळ्याला लागला तर समुद्राचं पाणी भरभरून मारा, थांबू नका. सुटे सेल डिझेलच्या कॅनजवळ, जाळ्याच्या ढिगात ठेवू नका, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत एकेक वेगळा ठेवा. आणि होडीत इन्व्हर्टरवर चार्जिंग करणारे असतील तर ते माणूस जागा असतानाच.

रापणकार_बाबी | बुधवार, दुपारी ३:०५

बरा झाला सांगितलास. आजच ते सेल काडून ठेवतंय. आमच्या वाड्यात सगळ्यांक सांगतंय, कोणाक म्हायत नाय ह्या.

परिचारिका_रत्नागिरी | बुधवार, रात्री ८:५०

ड्युटीवरून आले आणि पूर्ण धागा वाचला. मी भाजलेल्या पेशंटचं ड्रेसिंग वर्षानुवर्षं करतेय, म्हणून थोडं मोठं लिहिते, वाचा.

बॅटरीने भाजणं साधं नसतं. एक तर जाळ, दुसरं त्या बॅटरीतलं केमिकल अंगावर उडतं, आणि तिसरं वितळलेलं कापड. केमिकल अल्कलीचं असलं तर ते वरून थांबलेलं दिसतं पण आत कातडी खात राहतं. डॉक्टरला माहीत असलं की बॅटरी होती तर ते आधी लिटमसने जखमेचा पीएच तपासतात, केमिकल निघेपर्यंत धुतात, छातीत धूर गेलाय का बघतात. फटाका सांगितलंत तर फटाक्याचं ड्रेसिंग होईल. म्हणून देवबागकाठ दादा, त्या पोराच्या घरच्यांना उद्याच फोन करा आणि पुढच्या ड्रेसिंगला बॅटरी होती हे डॉक्टरांच्या कानावर घालायला लावा. मांडी आणि बोटं, दोन्ही ठिकाणी खोल आहे म्हणताय, म्हणजे त्वचा लावायला लागू शकते, त्याने बर्न्सच्या डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे.

पोलिसांची भीती म्हणून लपवतात, पण भाजल्याच्या केसची नोंद बहुतेक ठिकाणी तशीही पोलिसांकडे जाते, फटाका लिहा नाहीतर काही लिहा. मग खोटं लिहून पदरात काय पडलं?

घरी झालं तर: कपडा पेटलेला असेल तर काढा, पण कातडीला चिकटलेला भाग ओढू नका, भोवतीने कापा. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, नंतर सूज आली की निघत नाही. नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही, खोबरेल नाही. पाण्याने धुवून झालं की स्वच्छ सुती कापड सैल झाकून न्या. डोळ्यात काही उडालं असेल तर डोळा उघडा धरून पाणी सोडत राहा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

ओढताना फुटलं तर तोंडातल्या जखमेपेक्षा श्वास आधी बघा. २०१९ मधे एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या १७ वर्षांच्या मुलाची केस आली होती, व्हेप तोंडाशी फुटला, खालचा जबडा मोडला, दात गेले. सतरा वर्षं म्हणजे आपली बारावीची पोरं.

आणि वायरमन दादांनी दिलेला १९५ चा आकडा, तो मुख्यतः बातम्यांवरून गोळा केलेला होता. नंतर दुसऱ्या संशोधकांनी तिथल्या हॉस्पिटलांच्या इमर्जन्सीच्या नोंदींवरून अंदाज काढला तर २०१५ ते २०१७ ह्या तीनच वर्षांत २०३५ जखमी निघाले. जिथं विक्री उघड आहे तिथं ही गत, आणि आपल्याकडे बंदी म्हणून प्रत्येक जण फटाका, पॉवरबँक, गॅस असं काहीतरी लिहून घेतो. आपल्याला कधी कळणारच नाही किती पोरं भाजतायत. मला ह्याचा फार त्रास होतो, खरं सांगते.

सावंतवाडी_वकील | बुधवार, रात्री १०:१०

कायद्याचा विषय निघालाय म्हणून. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम आला आणि डिसेंबर २०१९ मधे संसदेने कायदा केला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्यांदा सापडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. साठ्यासाठी वेगळं, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आयात म्हटलं की आखातातून येणाऱ्या भावाने आणलेली भेट पण त्यात आली, हे आपल्या भागात नीट समजून घ्या.

ओढणाऱ्यासाठी ह्या कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. तेव्हा जखमी पोराने डॉक्टरपासून लपवायचं काही कारण नाही. होमस्टेवाल्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे जागेच्या मालकाने जाणूनबुजून आपल्या जागेत साठा ठेवू द्यायचा नाही असं कलम आहे. कोणी पाहुणा म्हणाला की हा बॉक्स चार दिवस तुमच्याकडे राहू दे, किंवा शेजारचा टपरीवाला माल ठेवायला जागा मागतोय, स्पष्ट नाही म्हणायचं.

खेडची_आई | गुरुवार, सकाळी १०:३५

मी इथं कधी लिहीत नाही, नुसती वाचते. मुलगा अकरावीला. त्याच्या दप्तरात ते हायलायटर पेनसारखं दिसणारं रंगीत, गोड वासाचं सापडलं. चार्जिंगचं भोकच नाही त्याला, संपलं की फेकायचं म्हणतो. ह्यांनी रागाने ते पातेऱ्यात, वाळक्या पानांच्या ढिगात टाकलं, उद्या सकाळी परसात पातेरा जाळायचाय. त्यात पण बॅटरी असते का हो? चार्ज होत नाही म्हणजे नसेल ना?

वायरमन_कुडाळ | गुरुवार, सकाळी १०:४१

ताई, आधी ते बाहेर काढा. पातेरा पेटवू नका. चार्जिंगचं भोक नसलं तरी त्यात लिथियमचाच सेल असतो, एकदा वापरून फेकतात एवढंच. आगीत गेला तर फुटणार आणि निखारे अंगावर येणार. काढा आणि इथं कळवा.

खेडची_आई | गुरुवार, सकाळी ११:२०

काढलं. बादलीत कोरड्या वाळूत ठेवलंय, अंगणात, घरापासून लांब. धन्यवाद दादा. आता टाकू कुठे? इथं घंटागाडी येत नाही.

वायरमन_कुडाळ | गुरुवार, सकाळी ११:५५

एकदम छान केलंत. फोडू नका, उघडू नका, कचऱ्यात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबलं जाऊन तिथं पेटतं. शहरात जाल तेव्हा मोबाईल रिपेअरवाल्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांत गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलीय, पण हा माल चोरून आलेला, त्याचा बनवणारा कोण शोधणार. सुटा सेल असेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून द्या. आणि मुलाला विचारा की त्याच्या मित्रांपैकी कोणी संपलेले व्हेप उघडून आतले सेल काढतंय का. माझ्याकडे दुकानात शाळेची पोरं असे सेल घेऊन येतात, दादा ह्याला वायर लावून दे, एलईडी पेटवायचाय म्हणून. त्या सेलला कसलंच संरक्षण नसतं, काढताना स्क्रूड्रायव्हर आत घुसला की हातात पेट घेतो. पोरांची आवड चांगली आहे, मी त्यांना सर्किटवाला चांगला सेल आणि होल्डर देतो आणि समोर बसवून शिकवतो.

परिचारिका_रत्नागिरी | गुरुवार, दुपारी १:३०

ताई, मुलाला मारझोड करू नका एवढंच सांगते. ओरडा खाल्लेली मुलं पुढच्या वेळी वस्तू अजून आत लपवतात, गादीखाली, कपाटात कपड्यांच्या ढिगात, आणि तिथंच गुपचूप चार्जिंगला लावतात. निकोटीनचं बोलणं वेगळं बसून करा, ते पण गरजेचं आहे, त्या गोड वासात निकोटीन भरपूर असतं.

चिपळूण_पश्चिम | गुरुवार, संध्याकाळी ६:१५

गणपतीत चाकरमानी येणार, एकेका घरात वीस-पंचवीस माणसं, एका बोर्डाला चार एक्स्टेंशन आणि त्याला दहा वस्तू रात्रभर चार्जिंगला. त्यात लाइट येतेय जातेय. गणपतीच्या मखराला थर्माकोल, कागद, पडदे. ह्याचं पण कोणीतरी बोला.

वायरमन_कुडाळ | गुरुवार, संध्याकाळी ७:००

बरोबर बोललात. मखराच्या बोर्डावर मखराचीच लाइट, दुसरं काही नाही. व्हेप असो, ट्रिमर असो, टॉर्च असो, चार्जिंग पडवीत किंवा ओट्यावर, चिऱ्यावर नाहीतर लादीवर, आजूबाजूला कपडा-कागद नको, आणि झोपायच्या आधी काढायचं. फुगलेलं, चेपलेलं, हाताला नेहमीपेक्षा गरम लागणारं, पाण्यात पडलेलं काहीही चार्जिंगला लावायचंच नाही. पेटलं तर आधी मेन स्विच बंद, मग पाणी, भरपूर. छोट्या सेलला पाणी हाच उपाय आहे, पावडरने जाळ विझतो पण सेल थंड होत नाही, परत पेटतो. आणि तो धूर विषारी असतो, लहान मुलं आणि म्हातारी माणसं आधी बाहेर काढा.

देवबागकाठ | गुरुवार, रात्री ९:४५

पोराच्या वडिलांशी बोललो. आधी चिडले, मग गप्प झाले, मग म्हणाले उद्याच बर्न्सच्या डॉक्टरकडे नेतो आणि बॅटरी होती हे सांगतो. परिचारिका ताई, तुमचे आभार कसे मानू.

खोल्यांत लावायला पाटी करतोय, मजकूर असा: "सुटे सेल खिशात किंवा बॅगेत मोकळे ठेवू नका, आमच्याकडून डबी मागून घ्या, फुकट आहे. चार्जिंग फक्त पडवीतल्या दगडी कट्ट्यावर, रात्री ११ नंतर बंद. वरच्या खोल्यांत चार्जिंग नाही. व्हेप आमच्या आवारात वापरू नका. काही गरम झालं, वास आला तर कितीही वाजता आम्हाला उठवा, आम्ही रागावणार नाही." डब्या आजच मालवणच्या बाजारातून आणल्या, आणि कट्ट्याजवळ वाळूची बादली आणि पाण्याचं पिंप ठेवलंय. काही राहिलंय का?

परिचारिका_रत्नागिरी | गुरुवार, रात्री १०:०५

हिंदीत पण लावा, तुमचे अर्धे गेस्ट बाहेरचे असतात. आणि एक ओळ वाढवा, भाजलं तर दवाखान्यात खरं कारण सांगा. जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर आणि १०८ मोठ्या अक्षरात, आतल्या दारावर, खाली नको, डोळ्याच्या उंचीला.

देवबागकाठ | गुरुवार, रात्री १०:११

करतो ताई. उद्या छापून झाली की फोटो टाकतो, ज्यांना हवी त्यांनी तशीच उचला, नाव बदलायला नको, आमचं नाव त्यात नाहीच आहे.